फुसका बार

‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आपण निवडणुकीतील आश्वासनांना, सभासंमेलनांतील भाषणांना आणि प्रसंगी आपल्याच मंडळाच्या ठरावांनाही बिनदिक्कत लावीत आलो आहोत. ज्या वस्तूवरून तो आला ती वस्तू मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांच्या हाती आली असेल. जुन्या तोड्याच्या बंदुकीत दारू दोन ठिकाणी असे. एक नळीत ठासलेली, आणि दुसरी कानापाशी छोट्या बशीत ठेवलेली बारीक दारू, जिला आपले पूर्वज रंजक म्हणत. जळता तोडा रंजकीवर टेकला की ती भडके आणि तिची आग कानातून आत शिरून बार होई. कान बुजलेला असला, किंवा पावसाळी हवेने आतली दारू सर्दावलेली असली, की बाहेर भडका उडे, धूर निघे, बंदूकवाल्याच्या मिशा होरपळत, आणि गोळी जागच्या जागी राही. शत्रूच्या तोफा निकामी करावयाच्या तर त्यांच्या कानात खिळे मारीत, हेही बखरी वाचणाऱ्यांस ठाऊक आहेच. सगळा खेळ त्या इवल्याशा भोकाचा.

हा खेळ बदलला तो एका धर्मोपदेशकामुळे. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी या गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना पक्षी मारण्याचा शौक होता. चकमकीच्या बंदुकीचा भडका आधी दिसे व बार मागून होई. तेवढ्या अवधीत पाणपक्षी बुडी मारून पसार होत. पाद्रीबोवांनी ठिणगीऐवजी आघाताने पेटणारे द्रव्य वापरण्याची युक्ती काढली व १८०७ साली तिचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली आणि मग टोपी, दारू व गोळी एका पुंगळीत बांधणारे धातूचे काडतूस आले. (‘काडतूस’ हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाला, हे आमच्या गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको.) आजच्या काडतुसाच्या बुडाशी जी वाटाण्याएवढी टोपी असते तिला प्रायमर म्हणतात. बंदुकीची पिन तिच्यावर आदळते, आतला मसाला मधल्या ऐरणीवर चिरडून पेटतो, त्याची ज्योत बुडाच्या भोकातून दारूपर्यंत जाते. म्हणजे रंजक आणि कान आजही आहेत. फक्त पितळेच्या आत गेले आहेत.

आम्ही स्वतः शिकारी नव्हे. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असताना काही वर्षे शस्त्र परवान्यांची शाखा आमच्याकडे होती. बंदुकांशी आमचा संबंध तो एवढाच, म्हणजे कागदावरचा. परवान्याचे नूतनीकरण, वर्षाकाठी घ्यावयाच्या काडतुसांचा आकडा, निवडणुका आल्या की ठाण्यात जमा करावयाची हत्यारे, यांपलीकडे आमची मजल गेली नाही. मात्र आमचे आजोळ इंदूरचे, आणि तेथील एक पूर्वज होळकर दरबारच्या शिकारखान्यात नोकरीस होते. त्यामुळे आजोळच्या वाड्यात रानातल्या गोष्टी भरपूर आणि भिंतीवर एक ठासणीची बंदूक. आमचे मामा शेतावर डुकरे हाकलण्यासाठी ती वापरीत. टोपी चढविण्यापूर्वी ते बोंडाचे भोक सुईने साफ करीत आणि मुलांना दटावीत, ‘तेलाचा हात टोपीला लावाल तर खबरदार.’ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व संपले आणि दुसऱ्याच वर्षी मामांचे थोरले चिरंजीव, आमचे मामेबंधू, यंत्र अभियंत्याची पदवी घेऊन अमेरिकेस गेले. आम्ही त्यांना दादा म्हणतो.

दादांनी पेनसिल्व्हेनियाच्या मध्यभागातील डोंगराळ मुलखात घर केले. तेथे हरणाची शिकार म्हणजे आपल्याकडचा पोळा किंवा दसरा समजावा. नोव्हेंबरअखेरीस रायफलीचा हंगाम उघडला की गावेच्या गावे नारिंगी जाकिटे घालून रानात जातात. माणसाने माणसाला हरीण समजू नये म्हणून डोके, छाती व पाठ मिळून किमान २५० चौरस इंच नारिंगी दिसलेच पाहिजे, असा तेथील नियम आहे. दादा काडतुसे स्वतः भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय हे करू म्हणाल तर १९५९ चा शस्त्र कायदा आड येतो. तेथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे घरी भरण्यास मुभा आहे. वापरलेल्या पुंगळीतून जुना प्रायमर काढावयाचा, पुंगळी पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणावयाची, नवा प्रायमर बसवावयाचा, दारू तोलून घालावयाची आणि वर गोळी बसवावयाची. काटकसर हे निमित्त. आपल्या रायफलीला मानवणारे काडतूस आपल्या हाताने घडविल्याचे समाधान हे खरे कारण, असे त्यांच्या तळघरातील टेबलाची मांडणी पाहून आम्हास वाटले. आमच्या मामींच्या देवघरातही इतकी नीटनेटकी मांडणी नसे.

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही सपत्नीक त्यांच्याकडे गेलो. निवृत्तीला वर्ष झाले होते आणि घरी बसून आम्ही जरा जास्तच सल्ले देऊ लागलो होतो, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत होते. त्या वर्षी दादांची तेरा वर्षांची नात प्रथमच हंगामाला जाणार होती. शिकारशिक्षणाचा अभ्यासक्रम तिने पुरा केला होता. तिच्यासाठी दादांनी एक वापरलेली बोल्टची रायफल घेतली होती, २४३ विंचेस्टर या काडतुसाची. १९५५ साली निघालेले हे काडतूस धक्का कमी देते, म्हणून कोवळ्या खांद्यांस योग्य समजले जाते. उन्हाळ्यात तिने दुकानातील काडतुसांवर हात बसविला, त्याच पुंगळ्या दादांनी पुन्हा भरल्या, आणि ऑक्टोबरातल्या एका गोठलेल्या सकाळी आम्ही तिघे क्लबाच्या चांदमारीवर गेलो.

सहावे काडतूस उडाले नाही. नुसती ‘टक्’. पोरीने नळी जराही न हलविता म्हटले, ‘आबा, क्लिक झालं.’ दादा म्हणाले, ‘तसंच धर. मोज.’ अशा वेळी बोल्ट लगेच उघडावयाचा नाही, हा तेथील पहिला पाठ आहे. क्वचित् प्रायमर पेटतो, पण दारूला आग लागावयास क्षण दोन क्षण उशीर होतो. त्या अवधीत बोल्ट उघडलेला असला तर पुंगळी तोंडावर फुटते. म्हणून नळी निशाणाकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावयाचे. दादांच्या घरी हिशेब पुऱ्या मिनिटाचा. नात इंग्रजीत मोजीत होती, आजोबा मराठीत. साठावर दोघे एकदमच आले.

वीस काडतुसांत चार फुसकी निघाली. दादांनी ती रायफलीत पुन्हा घालून पाहिली, तेव्हा दोन उडाली व दोन तशीच राहिली. घरी येताना गाडीत कोणी बोलले नाही.

रात्री जेवताना दादांच्या लेकीने, म्हणजे पोरीच्या आईने, शांतपणे सांगितले, ‘बाबा, या वर्षी दुकानातली काडतुसं घेऊ या.’ वाक्य साधेच होते. पण दादांचे वय चौऱ्याहत्तर, आदल्याच वर्षी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, आणि चहाचा कप ठेवताना बशी किंचित वाजते हे घरातील प्रत्येकास ठाऊक. दादांनी ‘बरं’ म्हटले आणि ताक मागितले. आम्हीही साठी ओलांडलेली. ‘आता यांच्या हातून होत नाही’ हा निवाडा ज्या मऊ स्वरात दिला जातो तो आम्ही ओळखतो; निवृत्तीच्या आदल्या वर्षी कार्यालयात तो आमच्याही कानी आला होता.

दुसऱ्या दिवशी दादा तळघरात उतरले तेव्हा आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी न उडालेली दोन काडतुसे हातोडीसारख्या एका साधनाने ठोकून उघडली. दारू पुरती होती व कोरडी होती. हे पाहून त्यांनी जो श्वास सोडला त्याचे कारण आम्हास नंतर कळले. दारू घालावयाचीच राहिली असती तर प्रकरण फुसक्या बाराहून वाईट. नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीच्या तोंडाशी जाऊन अडकते; बारीकसा आवाज होतो, आणि ते न ओळखता दुसरे काडतूस झाडले तर नळी फुटते. म्हातारपणीच्या विस्मरणाची खरी भीती ती. उरलेली तीसच्या तीस काडतुसे दादांनी उघडून तोलली. एकही रिकामे नव्हते, एकातही कमीजास्त नव्हते.

मग आरोपींची यादी झाली. पहिला आरोपी अर्थात प्रायमर. महासाथीच्या वर्षांत अमेरिकेत प्रायमरचा दुष्काळ पडला होता. दादांनी शेजाऱ्याच्या पत्र्याच्या डब्यातील जुना साठा घेतला होता. दुसरा संशय बैठकीचा. प्रायमर खाचेत तळापर्यंत टेकला नसेल, तर पिनेचा पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडतो आणि दुसऱ्या ठोक्याला तो उडतो. आपल्याकडे नेमके तसेच दोन उडाले होते! खाचेत जुनी काजळी राहिली किंवा हाताला खोली समजली नाही, तर असे होते. म्हणजे पुन्हा हात आणि डोळा. दादांनी पोलादी पट्टी पुंगळ्यांच्या बुडावर धरून प्रकाशात पाहिली. प्रत्येक प्रायमर बुडाच्या पातळीपासून इंचाच्या तीन ते पाच हजारांश खाली होता, जसा असावा तसा. मामांच्या तेलकट बोटांचीही आठवण निघाली. पण आजचे प्रायमर इतके नाजूक नसतात, बोटाच्या तेलाने ते सहसा मरत नाहीत.

उरली पिनेची खूण. न उडालेल्या प्रायमरवरील खळगा मधोमध होता, पण उथळ. ठोका हलका पडत होता. का?

येथे दादांनी बोल्ट हातात घेतला आणि ते तो खोलून धुवावयास निघाले. आम्ही अक्षरशः आडवे आलो. ‘दादा, पंचनाम्याआधी जागा धुवायची नाही!’ चौतीस वर्षांच्या नोकरीत दुसरे काही शिकलो नसू, पण एवढे शिकलो आहोत. चार गोष्टी एकदम दुरुस्त केल्या की गाडी चालू लागते, सगळे सुखावतात, आणि दोष कोणात होता हे कायमचे अज्ञात राहते. दादांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले व बोल्ट खाली ठेवला. आमच्या सल्ल्याचा मान राखला गेल्याचा तो त्या दौऱ्यातील एकमेव प्रसंग.

आधी पुंगळी मोजली. २४३ ची पुंगळी बाटलीसारखी असते: रुंद पोट, मग उतरता खांदा, मग अरुंद मान. जुन्या ३०३ च्या पुंगळीला बुडाशी काठ असतो व ती त्या काठावर अडकते. हिला तसा काठ नाही, ही खांद्यावर टेकते. साच्यात दाबताना खांदा जरुरीपेक्षा मागे गेला, तर पुंगळी नळीच्या घरात सैल बसते. पिन आदळली की ती आधी पुढे सरकते आणि ठोक्याचा जोर त्या सरकण्यात विरतो. या रायफलीत झडलेल्या पुंगळीशी ताडून पाहता दादांच्या भरलेल्या पुंगळ्यांचा खांदा दहा हजारांश मागे होता. दोन पुरेसे असतात. फरक माणसाच्या दोनतीन केसांएवढा. साचा नवा होता व तो सोबतच्या पत्रकानुसार लावलेला होता: टेकवा आणि वर पाव फेरा द्या. पत्रक जगातील सर्व रायफलींसाठी लिहिलेले, म्हणून ते पुंगळी लहानच करते. ही रायफल मात्र घराने जरा ऐसपैस निघाली. साच्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे इंचाचा चौदावा भाग. आठ हजारांश मिळवावयास तो फेऱ्याचा नववा हिस्सा मागे घेतला की झाले.

आरोपी सापडला असे आम्हास वाटले. दादांना वाटले नाही. त्यांनी दहा आखूड पुंगळ्यांत नुसते प्रायमर बसविले, दारू नाही, गोळी नाही, आणि दुपारी मोटारीच्या शेडचे दार उघडे टाकून, कानांवर संरक्षक चढवून, वाळूच्या बादलीकडे नळी धरून एकेक झाडली. दहाच्या दहा उडाल्या. आम्ही गप्प झालो. दादा म्हणाले, ‘भाऊ, त्या दिवशी सकाळी दव गोठलं होतं.’

त्या रात्री रायफलीचा बोल्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये गेला. पहाटे आमच्या सौभाग्यवती मेथी काढावयास गेल्या आणि त्यांच्या हाती तो लागला. या विषयावर घरात जे बोलणे झाले ते येथे देण्याचे कारण नाही. सकाळी गारठलेला बोल्ट रायफलीत घालून पुन्हा दहा आखूड पुंगळ्या झाडल्या: सहा उडाल्या, चार नाहीत. दादांनी आकडा लहान म्हणून आणखी दहा झाडल्या: तीन नाहीत. बोल्ट हातात तापतो म्हणून दर पाच ठोक्यांनंतर तो परत फ्रीझरमध्ये जाई. मग त्याच डब्यातील तेच प्रायमर बसविलेल्या, पण खांदा नीट राखलेल्या दहा पुंगळ्या, तोच गार बोल्ट: सगळ्या उडाल्या. शेजाऱ्याचा डबा निर्दोष सुटला.

आता बोल्ट उघडण्याची परवानगी आम्ही दिली. आत स्प्रिंगभोवती पिवळे ग्रीस होते, आधीच्या मालकाने गंजू नये म्हणून ठासून भरलेले. उन्हाळ्यात ते पातळ, थंडीत मेणासारखे. पिन त्यातून वाट काढीत पुढे येत होती. दादांनी ते द्रावणाने धुतले, भाग कोरडे केले, बोल्ट पुन्हा रात्रभर गोठविला, आणि दहा आखूड पुंगळ्या झाडल्या. दहाही उडाल्या.

म्हणजे ग्रीस एकटे असते तर बार झाला असता. आखूड पुंगळी एकटी असती तरी बहुधा झाला असता. उन्हाळ्यात दुकानातील काडतुसांवर पोरगी शेकडा शंभर बार करीत होती, तेव्हा ग्रीस होतेच. दोघांची गाठ पडली ती थंडीच्या सकाळी. आम्ही सेवेत असताना कैक चौकशा केल्या. प्रत्येकीच्या अखेरीस ‘जबाबदारी निश्चित करणे’ असा रकाना असे आणि त्यात एकच नाव लिहिण्याइतकीच जागा असे. हे प्रकरण त्या रकान्यात बसले नसते. अर्धा दोष पत्रक लिहिणाऱ्याचा, अर्धा कोण्या अज्ञात मालकाच्या काळजीचा, आणि राहिलेले हवामान. दादांच्या डोळ्यांचा व हाताचा त्यात वाटा नव्हता, हे आम्ही जेवताना मुद्दाम मोठ्याने सांगितले. लेकीने आकडे पुन्हा विचारून घेतले. मग ती म्हणाली, ‘बाबा, नवी भरलीत की थंडीतच तपासा, आणि मीही येते.’ पुढच्या गारठलेल्या सकाळी ती आली, वीस बार स्वतः मोजले, एकही चुकला नाही, आणि दुकानातील काडतुसांचा विषय पुन्हा निघाला नाही. दादांनी मात्र दुकानातील एक खोके आणून फळीवर ठेवले. ते का, असे आम्ही विचारले तर म्हणाले, ‘ती घाबरू नये म्हणून. आणि पुढल्या वर्षी मी पंचाहत्तरचा होईन.’

दिवाळीपूर्वी आम्ही इंदुरास परतलो. हंगाम २५ नोव्हेंबरला, शनिवारी उघडला. आमच्याकडे रात्र झाली होती तेव्हा दादांचा फोन आला. सकाळी नऊच्या सुमारास, सत्तर पावलांवर, एक बार. हरणी दहा पावले चालून बसली. पोरगी आधी रडली व मग तिला भूक लागली. पुंगळी तिने रानातून शोधून खिशात घालून आणली होती. दादांनी ती पुसली, मोजली आणि डब्यात टाकली.